गावाला गावपण कशाने येते?

(नांदेड जिल्ह्यातील भोकर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



 

आजचा विषय वरवर पाहता भोकरचा वाटणार नाही. शहराच्या कडेला भिंत घालून, फाटक लावून, पहारा बसवून श्रीमंतांच्या ज्या वसाहती उभ्या राहतात, त्यांना वेगळे गाव म्हणायचे का? पुण्या-मुंबईचा हा प्रश्न भोकरला कशाला, असे कोणी विचारील. मला वाटते, भोकरलाच तो आधी विचारायला हवा. पुण्यात वसाहती उभ्या राहिल्या आणि मग प्रश्न सुचला. आपल्याकडे ले-आऊट आत्ता पडताहेत. मुदखेडच्या रस्त्याने जा, नाहीतर हिमायतनगरच्या रस्त्याने जा. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा. सोयाबीनच्या वावरात पांढऱ्या चुन्याच्या रेघा दिसतात, कमान दिसते, कमानीवर कुठल्या तरी नगरीचे नाव दिसते. प्रश्न दाराशी आलेला आहे.

मी चार गोष्टी बोलणार आहे. कायदा गाव कशाला म्हणतो, ही पहिली. वेगळे होण्याची ओढ किती जुनी आहे आणि ती कुठून येते, ही दुसरी. वेगळे गाव म्हणवून घ्यायचे तर कोणत्या कसोट्या लागाव्यात, ही तिसरी. आणि चौथी, आपण इथे भोकरमध्ये काय करावे.

पहिली गोष्ट. कायदा.

आपल्या देशात शहर मुख्यतः दोन वाटांनी शहर ठरते. एक वाट सरकारच्या अधिसूचनेची. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली. तिने तीन पायऱ्या सांगितल्या: गावाचे शहर होऊ लागले की नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद, मोठ्या शहराला महानगरपालिका. भोकरला नगरपरिषद आहे. शेजारच्या हिमायतनगरला नगरपंचायत आहे. १९९७ साली नांदेड आणि वाघाळा मिळून महानगरपालिका झाली. या तिन्ही पायऱ्यांवर एक गोष्ट सारखी आहे. निवडणूक. राहणाऱ्या माणसाचे मत. माणूस भाड्याने राहतो की स्वतःच्या माडीत, हे मतदार यादी विचारत नाही.

दुसरी वाट जनगणनेची. लोकसंख्या किमान ५,०००, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. या तिन्ही गोष्टी जमल्या की जनगणना त्या वस्तीला शहर म्हणून मोजते, कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अशी २७८ जनगणना-शहरे होती. अधिसूचित शहरे होती २५६. म्हणजे कागदावर खेडे आणि जगण्यात शहर अशी ठिकाणे अधिकृत शहरांपेक्षा जास्त! ही फट लक्षात ठेवा. श्रीमंत वसाहत याच फटीत वाढते. शहराची नोकरी, शहराची बाजारपेठ, शहराचे इस्पितळ, आणि घरपट्टी मात्र ग्रामपंचायतीची.

तिसरी एक वाट घटनेच्याच एका परंतुकात आहे. एखादा कारखाना स्वतः नागरी सोयी पुरवत असेल, तर राज्यपाल त्या जागेला औद्योगिक नगरी ठरवू शकतात, आणि मग तिथे नगरपालिका नसली तरी चालते. जमशेदपूरचे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. रस्ते, पाणी, दिवे कंपनीच्या हातात. सोयी चांगल्या, हे तिथे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. पण तिथले काही नागरिक निवडून आलेल्या नगरपालिकेसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात का झगडले? सोय मिळत असताना माणूस मत का मागतो? या प्रश्नाकडे आपण परत येणार आहोत.

तेव्हा कायद्याचे उत्तर सरळ आहे. भिंत बांधली म्हणून गाव होत नाही. फाटकावर 'सिटी' लिहिले म्हणून शहर होत नाही. शासनाने २०१६ साली एकात्मिक नगर वसाहतींचे नियम केले. किमान ४० हेक्टर, म्हणजे शंभर एकर जमीन हवी. रस्ते, पाणी, सांडपाणी विकासकाने पाहायचे. दुर्बल घटकांसाठी काही घरे ठेवायची. पण त्या नियमांनी अशा वसाहतीला नगरपरिषद केलेले नाही. कायद्याच्या नजरेत ती बांधकामाची एक परवानगी आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर व्याख्यान दहा मिनिटांत संपले असते. पण कायदा काय म्हणतो आणि माणसे काय मागतात, यात अंतर असते. म्हणून दुसरी गोष्ट.

वेगळे होण्याची ओढ किती जुनी?

आपण निजामाच्या मुलखातली माणसे. आपल्या आजोबांची राजधानी हैदराबाद. तिथूनच सुरुवात करू. हैदराबादच्या पश्चिमेला खडकाळ टेकड्या होत्या. तिथे बंजारा समाजाची वस्ती होती, म्हणून ती बंजारा हिल्स. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या दरबारातल्या मेहदी नवाज जंग यांनी तिथे घर बांधले आणि मागोमाग अमीर-उमराव गेले. शहरात दाटी होती, रोगराई होती, मुसी नदीच्या १९०८ च्या पुराची आठवण ताजी होती. टेकडीवर हवा मोकळी. पुढे त्या टेकड्यांसाठी जुबिली हिल्सची वेगळी नगरपालिका निघाली. होय, वेगळी नगरपालिका! मूठभर बंगल्यांची. म्हणजे श्रीमंत वसाहत वेगळे शहर होऊ शकते का, या प्रश्नाला आपल्या जुन्या राजधानीने एकदा 'हो' असे उत्तर देऊन पाहिले होते. निजामी गेली, लोकशाही आली, आणि ती नगरपालिका हैदराबादमध्ये विलीन झाली. आज जुबिली हिल्स हैदराबादचाच भाग आहे. आणि ज्यांच्या नावाने ती शेजारची टेकडी ओळखली जाते, त्या बंजारा माणसांचे तिथे काय उरले? नाव उरले.

इंग्रजांनी दुसरा नमुना दिला, छावणीचा. महाराष्ट्रात सात छावण्या आहेत: पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. त्यांचा कायदा वेगळा, मंडळ वेगळे, रस्ते रुंद, झाडी दाट. शहराला लागून असूनही शहराच्या बाहेर. आता त्यांतला नागरी भाग शेजारच्या नगरपालिकांना जोडण्याचे धोरण केंद्राने घेतले आहे. लष्कराचे लष्कराकडे, नागरिकांचे नगरपालिकेकडे.

अमेरिकेत ही ओढ टोकाला गेली. लॉस एंजेलिस शहराने जवळजवळ वेढलेले बेव्हर्ली हिल्स १९१४ साली स्वतंत्र शहर झाले. १९२३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सामील व्हायचे का, असे मतदान झाले. लोकांनी नकार दिला. कॅलिफोर्नियातलेच पीडमाँट १९०७ पासून स्वतंत्र आहे, आणि त्याच्या चारी बाजूंना ओकलंड शहर आहे. तिथल्या शाळांचा मोठा खर्च पूर्वापार स्थानिक घरपट्टीतून होत आला. मोठ्या घरांची घरपट्टी मोठी. ती आपल्याच शाळेत राहावी, पलीकडच्या गरीब वस्तीच्या शाळेत जाऊ नये, हे वेगळे राहण्याचे एक कारण ठरले. मी मुद्दाम हे उदाहरण घेतले. तिथे वेगळेपण शंभर टक्के कायदेशीर आहे. महापौर आहे, पोलीस आहेत, मतदान आहे. तरीही विचारावेसे वाटते, त्या गावांत सकाळी कामाला येणारी माणसे रात्री कुठे झोपतात?

आणि आता आपल्या घरात पाहू. आपले जुने मराठी गाव फार एकसंध होते, असा समज कोणी करून घेऊ नये. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये 'गावगाडा' लिहिला. त्यात बलुतेदार-अलुतेदारांचा सगळा संसार आहे. कुणाचे काम काय, कुणाचा हक्क काय. पण त्या गावाला कूस होते, आणि कुसाबाहेर महारवाडा आणि मांगवाडा होता. गावाचे काम त्यांनी करायचे, गावाच्या पाणवठ्यावर मात्र यायचे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गोडव्यांवर कोरडे ओढले, ते याच अनुभवातून. तेव्हा भिंतीचा शोध बिल्डरने लावलेला नाही. पूर्वी गावाने भिंत घातली आणि राबणाऱ्याला बाहेर ठेवले. आता पैसेवाला गावाबाहेर जातो, स्वतःभोवती भिंत घालतो, आणि राबणाऱ्याला पास काढून आत घेतो. दिशा बदलली. नाते तेच राहिले.

पण मंडळी, वेगळे होण्याची प्रत्येक मागणी श्रीमंताचीच असते असे नाही. आपल्या भोकर, किनवट, हिमायतनगर, माहूर या पट्ट्यात बंजाऱ्यांचे तांडे किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको. तांड्याला नायक असतो, कारभारी असतो. सेवालाल महाराजांचे ठाणे असते. बोली वेगळी, सण साजरा करण्याची रीत वेगळी. भांडण तांड्यात मिटते. माणसे एकमेकांच्या सुखदुःखाला उभी राहतात. गाव म्हणावे असे सगळे तिथे आहे. तरी कित्येक तांडे पिढ्यान्पिढ्या दुसऱ्या कुठल्या तरी गावाची वाडी म्हणून मोजले गेले. महसुली गाव म्हणून दर्जा द्या, ग्रामपंचायत वेगळी द्या, ही तांड्यांची मागणी जुनी आहे.

आता या दोन मागण्या शेजारी ठेवा. तांडा म्हणतो, आम्हाला वेगळे करा. वसाहत म्हणते, आम्हाला वेगळे ठेवा. तांडा वेगळा का होऊ पाहतो? शाळा मिळावी, रस्ता यावा, रेशनचे दुकान जवळ असावे, निधी थेट यावा, ग्रामसभेत आपला आवाज ऐकला जावा. वसाहत वेगळी का होऊ पाहते? आपला पैसा बाहेर जाऊ नये, बाहेरचा माणूस आत येऊ नये. तांड्याला वेगळे होऊन सार्वजनिक जीवनात यायचे आहे. वसाहतीला वेगळे होऊन त्यातून निघून जायचे आहे. मागणीचे शब्द सारखे, तोंडे विरुद्ध दिशांना. म्हणून वेगळे गाव मागणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारावा: कशासाठी?

इथे वसाहतीतल्या माणसाचीही बाजू मांडली पाहिजे. तो आपला शत्रू नाही. तो आपल्याच गावचा शिक्षक आहे, डॉक्टर आहे, मोंढ्यातला व्यापारी आहे, शेती विकून फ्लॅट घेतलेला शेतकरी आहे. त्याची तक्रार खोटी नाही. ज्या शहरांत आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येते, नाली वर्षभर तुंबलेली असते, रात्री दिवा नसतो, तिथून तो निघाला तर दोष एकट्या त्याचा कसा? तो म्हणतो, सोसायटीला मेंटेनन्स मी देतो, घरपट्टीही मी देतो, मग दोनदा का देऊ? पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर नांदेड नावाचे गाव आहे. त्या गावच्या शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून, पुण्यातल्याच मगरपट्टा सिटीच्या धर्तीवर, सुमारे ७०० एकरांवर नांदेड सिटी उभी केली. शेतकरी जमीन विकून देशोधडीला लागला नाही, भागीदार झाला, ही त्यातली मोलाची गोष्ट. २०२१ साली ते गाव पुणे महापालिकेत आले आणि महापालिकेच्या दराने कर आला. सोयी आमच्या आम्हीच केल्या, मग हा कर कशाचा, असे तिथले रहिवासी विचारू लागले. प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर देता आले पाहिजे.

ते उत्तर तिसऱ्या गोष्टीत आहे. कसोट्या.

पहिली कसोटी मताची. सोसायटी कोण चालवते? सभासद. सभासद कोण? घराचा मालक. भाडेकरू दहा वर्षे राहिला तरी त्याला मत नाही. घरकाम करणाऱ्या बाईला नाही, वॉचमनला नाही, ड्रायव्हरला नाही. एक घर, एक मत, तेही मालकाचे. आणि गावात? ज्याच्या नावावर वीतभर जागा नाही, त्याचेही मत, आणि तेही सावकाराच्या मताइतकेच वजनाचे. आपल्या आजोबांनी १९४८ च्या सप्टेंबरात निजामी संपवून जे मिळवले ते हेच नव्हते का? जमिनीच्या मालकीतून राज्य करण्याचा हक्क येतो, हे जहागीरदारीचे तत्त्व आपण मोडले. ते सोसायटीच्या दफ्तरातून परत येऊ द्यायचे का? जिन्याच्या रंगाचा आणि लिफ्टच्या दुरुस्तीचा निर्णय मालकांनी घ्यावा, त्यात काही वावगे नाही. पण रस्ता, पाणी, शाळा, बाजार यांचा निर्णय ज्या मंडळात फक्त मालक बसतात, त्या मंडळाला नगरपालिका म्हणता येत नाही. जमशेदपूरचा माणूस सोयी असूनही मत का मागत होता, ते आता कळते. सोय बंद झाली तर कुणाला जाब विचारायचा, हे त्याला ठरवायचे होते.

ही भीती पोकळ नाही. लवासा पाहा. मुळशीच्या डोंगरात, मोसे नदीवरच्या वरसगाव धरणाच्या काठी एका कंपनीने थंड हवेचे नवे शहर उभारायला घेतले. २००८ साली शासनाने त्या कंपनीलाच विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार दिले. आराखडा करणारी तीच, परवानगी देणारी तीच, बांधणारी तीच, विकणारीही तीच. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाची नोटीस आली, बांधकाम थांबले. २०१७ मध्ये ते अधिकार काढून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिले गेले. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. ज्यांनी आयुष्याची कमाई घालून तिथे घरे घेतली, त्यांनी कुणाकडे जायचे? नगरसेवक नाही, नगराध्यक्ष नाही. कर्ज देणाऱ्यांच्या रांगेत घरमालकाने उभे राहायचे. नगरपरिषद कितीही गरीब असो, ती दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात लिलावाला निघत नाही. पाच वर्षांनी तिचा कारभारी आपल्या दाराशी येतो, हात जोडतो. कंपनी दाराशी येत नाही.

दुसरी कसोटी राबणाऱ्याची. जे ठिकाण स्वतःला गाव म्हणवते, तिथे काम करणारा माणूस राहू शकतो का? भोकरमध्ये डॉक्टर राहतो आणि त्याच्या दवाखान्याची झाडझूड करणारी मावशीही राहते. मोंढ्यातला अडत्या राहतो आणि हमालही राहतो. गल्ल्या वेगळ्या, हे मान्य. पण नगरपरिषद एक, सरकारी दवाखाना एक, बसस्थानक एक. फाटकातल्या वसाहतीत सकाळी सातला पोळ्या करणाऱ्या बायका येतात, गाड्या पुसणारे येतात, माळी येतो, आणि संध्याकाळी सगळे परततात. त्यांच्या मुलांची शाळा, त्यांच्या बाळंतपणाचा दवाखाना, त्यांच्या वस्तीची नाली हा खर्च कोण करते? शेजारची ग्रामपंचायत, शेजारची नगरपालिका. ज्याचे श्रम वसाहत घेते, त्याच्या जगण्याचा खर्च दुसरे गाव उचलते. आम्ही आमच्या सोयी आमच्या पैशाने केल्या, असे म्हणणाऱ्याच्या हिशेबात ही बाजू नसते. घरपट्टी म्हणजे केवळ आपल्या दारासमोरच्या दिव्याचे पैसे नव्हेत. आपल्याला जगवणाऱ्या शहराला जगते ठेवण्याचा तो वाटा आहे. नांदेड सिटीतल्या त्या रास्त प्रश्नाला हे माझे उत्तर. मात्र त्यापुढे हेही म्हणतो, की जो कचरा स्वतः जिरवतो, सांडपाणी स्वतः शुद्ध करतो, त्याला तेवढी सूट मिळाली पाहिजे. ती न्यायाची गोष्ट आहे.

तिसरी कसोटी पाण्याची आणि कचऱ्याची. भाऊ-भाऊ विभक्त होतात, वावराची वाटणी होते, बांध पडतो. पण विहीर एक असली तर पाण्याच्या पाळ्या ठरवाव्याच लागतात. बांध घालून झरे वाटून घेता येत नाहीत. मराठवाड्याला हे वेगळे शिकवायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मांजरा धरण कोरडे पडले तेव्हा लातूरच्या बंगल्यातला माणूसही तहानला आणि झोपडीतलाही. काही दिवस बंगल्यात टँकर आला, झोपडीत आला नाही, एवढा फरक पडला. पण टँकर भरायलाही कुठे तरी पाणी लागते! मिरजेची गाडी कुठल्या सोसायटीने मागवली नाही. सरकारने पाठवली, रेल्वेने आणली, महापालिकेने वाटली. बोअर हजार फूट खाली नेला म्हणून पाणी आपले होत नाही. त्याच खडकातले पाणी शेजारच्या वस्तीच्या हापशाला येत असते.

आणि कचरा? पुणे शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या डेपोत गेला. दुर्गंधी त्यांच्या वाट्याला, खराब विहिरी त्यांच्या वाट्याला. २०१७ मध्ये ही गावे महापालिकेत घेतली. कराचा बोजा आला, सोयी मात्र त्या मानाने आल्या नाहीत, अशी ओरड झाली. २०२४ मध्ये त्यांना महापालिकेतून काढून स्वतंत्र नगरपरिषद दिली गेली. त्यांचे वेगळे होणे मला समजते. दुसऱ्याचा कचरा सोसलेल्या गावाने, आता आमचे आम्ही पाहतो, असे म्हणणे वेगळे. स्वतःचा कचरा दुसऱ्याच्या दारात पाठवून, आम्ही वेगळे, असे म्हणणे वेगळे. जे ठिकाण आपली घाण आणि आपले प्रेत ठेवायला शेजाऱ्याची हद्द वापरते, ते गाव कसे? स्मशान नाही, कब्रस्तान नाही, आठवडी बाजार नाही, तरी नाव मात्र सिटी.

या तीन कसोट्यांना उतरलेले एक उदाहरण आपल्याच भागात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिवची ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवली गेली. आखीव रस्ते, एकसारखी घरे, पांढरीतल्या जुन्या वाड्यांचे नावनिशाण नाही. कागदावर पाहिले तर तीही नवी वसाहतच. मग तिला आपण गाव का म्हणतो? कारण सगळे गेले. पाटील गेला, मजूर गेला, कुसाबाहेरचाही गेला. ग्रामपंचायत गेली, शाळा गेली, देव गेला. नव्या जागी रुसवे झाले, गल्ल्या कुणाशेजारी कुणाच्या यावरून वाद झाले, घरे सोयीची नाहीत म्हणून तक्रारी झाल्या. पण कुणाला मागे टाकून गाव गेले नाही. घरे बदलली, जागा बदलली, तरी गाव टिकले. आणि दुसरीकडे नवी घरे, सुंदर बागा, सगळे असून गाव झाले नाही. काय असले म्हणजे गाव होते, ते किल्लारीने दाखवून दिले आहे.

आता चौथी गोष्ट. आपण काय करावे?

सिद्धांत सांगून मी निघून जाणार नाही. समोरची मंडळी नगरपरिषदेत बसणारी आहेत, पंचायत समितीत बसणारी आहेत, ले-आऊटमध्ये प्लॉट घेणारीही आहेत. तुमच्याकडे तीन गोष्टी मागतो.

एक. हद्दीलगतच्या ग्रामपंचायतीत ले-आऊट पडतो तेव्हा नगरपरिषदेने आणि त्या ग्रामपंचायतीने एकत्र बसावे. पाणी कुठले, नाली कुठे सोडणार, कचरा कुठे जाणार, हे परवानगीच्या आधी ठरावे. भोकरजवळच्या रेणापूर येथील सुधा प्रकल्पातले पाणी काही ले-आऊटबरोबर वाढत नाही. नंतर गुंठेवारीच्या कायद्याने नियमित करून घेऊ, ही सवय मोडली पाहिजे. तो २००१ चा कायदा अडल्या-नडलेल्या छोट्या प्लॉटधारकासाठी झाला. बेफिकीर आखणीला पाठबळ देण्यासाठी तो झालेला नाही.

दोन. ले-आऊटमधली मोकळी जागा, रस्ता, बाग कागदावर सार्वजनिक असते. ती जमिनीवरही सार्वजनिक राहावी. सार्वजनिक रस्त्यावर फाटक बसू देऊ नका. पहारा इमारतीच्या दाराशी असावा. त्या बागेत शेजारच्या तांड्यातले पोर खेळायला आले, तर त्याला कोणी नाव-गाव विचारू नये.

तीन, आणि ही मागणी नगरपरिषदेकडे. माणूस निघून जातो, कारण आपण त्याला धरून ठेवत नाही. प्रभागाची सभा घ्या. जमलेली घरपट्टी, पाणीपट्टी आणि त्यातून झालेला खर्च चौकात फळ्यावर लिहा. जकात गेली, आता बरीचशी मदार वरून येणाऱ्या अनुदानावर आहे. अशा वेळी घरपट्टी हाच गावाचा स्वतःचा पैसा. तो कुठे गेला हे दिसले, तर देणाऱ्याचा हात आखडत नाही. आणि ज्या तांड्याला, ज्या वाडीला वेगळे होऊन पुढे यायचे आहे, त्यांच्या मागणीमागे ठरावाचे बळ उभे करा. वेगळे होण्याचा हक्क आधी त्यांचा आहे.

मंडळी, सारांश एवढाच. श्रीमंत वसाहत वेगळे गाव होऊच शकत नाही, असे मी म्हणत नाही. तिने राहणाऱ्या प्रत्येकाला मत द्यावे, राबणाऱ्याला परवडेल असे घर आपल्या हद्दीत द्यावे, आपले पाणी आणि आपला कचरा आपल्या हिशेबात धरावा, आणि मग खुशाल नगरपंचायत मागावी. तेव्हा आपणच तिच्या बाजूने उभे राहू. तोवर ती आपल्याच गावाची एक गल्ली आहे. गल्लीचे सगळे हक्क तिला द्या, आणि गल्लीची सगळी देणी तिच्याकडून घ्या.